घरात आधी कोण उठतं

काल बाजारात तुरीच्या शेंगा दिसल्या. या हंगामातल्या पहिल्याच, त्यामुळे जरा कोवळ्या, दाणा पुरता भरलेला नाही. तरी घेतल्या, कारण घेतल्या नसत्या तर तुमच्या आबांनी दुपारी मला पुन्हा पाठवलं असतं. आता अंगणात ऊन आहे, मांडीवर सूप आहे, आणि सोलता सोलता बोटांना तो हिरवा, किंचित तुरट वास लागला आहे. हा वास आला की मला लिनक्स आठवतं.

ईशान, रेवा, तुम्ही हसाल. हसा. पण मागच्या थंडीत मी एका हाताने तुरीचे सोले सोलत होते आणि दुसऱ्या हाताने संगणकाला उत्तरं देत होते, हे तुम्हा दोघांइतकं कुणाला ठाऊक आहे? कळफलकाच्या एंटरवर अजून हिरवट डाग आहे. मी तो ओल्या फडक्याने पुसून पाहिला, जात नाही. आता पुसतही नाही.

तुम्ही आबांना फक्त सुट्टीत पाहिलं आहे, आणि सुट्टीत तुम्ही नऊला उठता, म्हणून घरात नऊच्या आधी काय चालायचं ते सांगते. आबांनी आयुष्यभर बसस्थानकावर वाहतूक नियंत्रकाचं काम केलं. काचेच्या खिडकीमागे बसायचं, गाडी लागली की माइकवरून पुकारायचं, चालकाच्या कागदावर वेळ घालून सही करायची, आणि ती गाडी फाटकातून वळली की पुढची. निवृत्त झाले तेव्हा माइक तिथे राहिला, आवाज मात्र घरी आला. पहाटे सगळ्यांच्या आधी उठायचे आणि मग घरातली एकेक गोष्ट सोडायचे. आधी पाण्याची मोटार. मोटारीचा आवाज स्थिरावला की दूध. दूध तापायला लागलं की रेडिओ. रेडिओवर बातम्या सुरू झाल्या की मी. मला ते हाताने हलवून उठवत नसत, दारात उभे राहून जाहीर करत: "चहा लागला हाये. साखरवाले पॅसेंजर पुढं या."

लग्नानंतरची पहिली काही वर्षं मला याचा राग यायचा. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते, माझं स्वतःचं एक वेळापत्रक होतं, आणि त्यात मला कुणी पुकारावं असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. पुढे सवय झाली. मग सवयीचीही सवय झाली, आणि हा आवाज आहे हेच ऐकू येईनासं झालं.

मागच्या वर्षी नवरात्रात आबा न्हाणीघरात घसरले. मांडीचं हाड मोडलं. जालन्याला शस्त्रक्रिया झाली, आत पट्टी बसवली, दिवाळीला तुमचे बाबा येऊन गेले. दिवाळीनंतर डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, हाड छान जुळलं आहे, आता वॉकर घेऊन चाला. मला बाहेर बोलावून आणखी एक वाक्य म्हणाले: ही थंडी पलंगावर काढली तर पाय आखडतील, मग उन्हाळ्यात चालायचं मनात आलं तरी ते चालू देणार नाहीत. आबांनी सगळ्याला मान हलवली, घरी आले, पलंगावर आडवे झाले आणि भिंतीकडे तोंड केलं.

नवा वॉकर पलंगाशेजारी उभा. मी त्यावर टॉवेल वाळत घालू लागले.

घर मी हातात घेतलं होतं. तुम्हाला माझा स्वभाव ठाऊक आहे. मोटार कधी, दूध कधी, कोणती गोळी जेवणाआधीची, कोणती नंतरची, याचा तक्ता करून फ्रिजवर लावला. मथळे लाल शाईने, खाली पट्टीने रेघ. पाहता पाहता घर असं सुरळीत चालू लागलं की मला स्वतःलाच कौतुक वाटायचं. रोज संध्याकाळी आबांना सांगायची, सगळं वेळेवर झालं, तुम्ही कसलीही काळजी करू नका. त्यांनी काळजी केली नाही. त्यांनी काहीच केलं नाही.

तुमचा फोन आला की मी मोबाइल त्यांच्या हातात द्यायची. त्यात चेहरा दिसतो हे त्यांना मान्य होतं, पण फोन कानाला लावायचा असतो यावर ते ठाम होते. त्यामुळे दर रविवारी तुम्हाला आबांचा उजवा कान दिसायचा. रेवा एकदा म्हणाली, "आबांचा कान बरा दिसतोय." त्यावर कान म्हणाला, "हाव, बरा हाये," आणि फोन माझ्याकडे परत आला.

ईशान, युक्ती तुझी होती. बैठकीतला जुना संगणक, आबांच्या निवृत्तीच्या वेळी घेतलेला, त्यावर मी विणलेलं झाकण. तो सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा की बटन दाबून मी वरणाचा कुकर लावायची, आणि शिट्ट्या होऊन वाफ जिरेपर्यंत तो "स्वागत आहे" वर यायचा. तू म्हणालास, यावर लिनक्स नावाची हलकी प्रणाली टाकू, जुनं यंत्र असलं तरी पळेल, मोठ्या पडद्यावर आम्ही दिसू. आणि तो संगणक इतका जड आहे की आबांच्या खोलीत नेता येणार नाही, म्हणजे आबांना बैठकीत यावंच लागेल. मला ही युक्ती फार आवडली. तिच्यात कुणाला काही समजावून सांगायचं नव्हतं.

तुमच्या बाबांच्या हाती तू दिवाळीलाच लिनक्स भरलेला पेनड्राइव्ह पाठवला होतास. मार्गशीर्ष लागला, बाजारात शेंगा आल्या, आणि मी सूप घेऊन संगणकासमोर बसले.

आता खरं सांगायचं तर हे काम एका दुपारचं होतं, असं तूच नंतर म्हणालास. माझे बरेच दिवस गेले, कारण मी वाचत होते. पडद्यावर जे येईल ते पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत. शाळेत मी मुलांना सांगत असे, प्रश्न पुरता वाचल्याशिवाय उत्तर लिहायचं नाही. आता तो नियम स्वतःच कसा मोडू? एके ठिकाणी संगणकाने विचारलं, या तबकडीवरचं सगळं पुसलं जाईल, तुमची खात्री आहे का? इतक्या गंभीर प्रश्नाला लगेच होय म्हणणं मला बरं दिसेना. मी एक दिवस मागून घेतला. ईशान फोनवर कळवळून म्हणाला, "आजी, एंटर दाब."

"वाचते आहे."

"ते कुणी वाचत नाही."

"म्हणूनच वाक्यात क्रियापद नाही हे कुणाच्या लक्षात आलं नाही."

मग तो प्रश्न आला ज्यावरून तुम्हा भावंडांचं जुंपलं. इनिट कोणता हवा?

हे काय असतं ते ईशानने मला असं सांगितलं. संगणक सुरू झाला की त्याच्या आत सगळ्यात आधी एकजण उठतो. त्याचा क्रमांक कायम एक. मग तो बाकीच्यांना उठवतो: पडद्याला, आवाजाला, घड्याळाला, इंटरनेटला. पुढे जे काही चालतं ते याने उठवलेलं, नाहीतर याने उठवलेल्याने उठवलेलं. या पहिल्याला इनिट म्हणतात. बहुतेक ठिकाणी आजकाल सिस्टिमडी नावाचा इनिट असतो आणि तो कुणी निवडत नाही, तो आलेलाच असतो. पण ईशानने मला पाठवलेल्या लिनक्समध्ये तो नव्हता. त्याऐवजी काही वेगळी नावं होती, एक ओपनआरसी, एक रनइट, आणखीही काही, आणि त्यातलं एक मी निवडायचं होतं.

रेवा म्हणाली, हा कसला हट्ट? जगभर जो चालतो तोच आजीला दे, उद्या काही अडलं तर कुणालाही विचारता येईल. ईशान म्हणाला, तो सगळंच स्वतःच्या हातात घेतो. रेवा म्हणाली, पण नीट करतो ना? तिकडे परदेशात तुमच्याकडे सकाळ होती, दोघांच्या तोंडात टोस्ट होता, आणि माझ्या हातातल्या फोनमध्ये तुम्ही असे भांडत होता जसं आमच्याकडे सरपंचाच्या निवडणुकीत सख्खे चुलतभाऊ भांडतात. मी ईशानला विचारलं, सगळं हातात घेतो म्हणजे नेमकं काय करतो?

"म्हणजे बघ आजी. सगळ्यांना उठवणं त्याचं काम, ठीक आहे. पण कोण कधी आलं-गेलं ते तोच पाहतो. नोंदी तोच ठेवतो. घड्याळ तोच लावतो. कोण किती खातं तेही तोच मोजतो."

"मग बरोबर आहे. घरात कुणीतरी एकाने पाहायलाच हवं."

मला तो सिस्टिमडी मनापासून आवडला होता. त्याच्यात आणि फ्रिजवरच्या तक्त्यात मला काही फरक दिसेना.

शेवटी मी ठरवलं की ज्या माणसाने हेच काम आयुष्यभर केलं त्याला विचारावं. खोलीच्या दारात उभी राहिले आणि भिंतीकडे वळलेल्या पाठीला सगळी हकिकत सांगितली. पाठ ऐकत होती. मग म्हणाली, "गाड्या किती?"

"कसल्या गाड्या?"

"त्यानं उठवाच्या त्या."

मी म्हटलं, फार नाहीत, जुनं यंत्र आहे.

"मंग ल्हान मानूस ठेव. कंट्रोलरनं गाडी सोडावं. चालवू नये."

कित्येक दिवसांत ते एवढं बोलले नव्हते. मी परत येऊन रनइट निवडला, कारण त्या सगळ्यांत तोच लहान होता. तो फार काही करत नाही. प्रत्येक सेवेशेजारी, म्हणजे आवाज, घड्याळ अशा एकेका कामाशेजारी, एक राखणदार बसवतो. सेवा पडली की राखणदार तिला पुन्हा उभी करतो, आणि पहिला आपला गप्प असतो. ईशानने फोनवर शिट्टी मारली. रेवा त्या रविवारी माझ्याशी फक्त हवामानावर बोलली.

थंडीचे हे दिवस आमच्याकडे फार सुरेख असतात. तुमच्या तिकडच्या थंडीसारखे नाहीत, जिथे नळ गोठतात आणि माणसं रंगीत गोणीसारखी दिसतात. इथे पहाटे बोटं कापतात आणि अकरा वाजता स्वेटर काढून हातावर घ्यावा लागतो. शेतात हरभरा घाटे धरतो, पाण्याच्या पाळ्या चालू असतात, वांगी इतकी येतात की शेजारणी एकमेकींना न विचारता दारात ठेवून जातात. आणि मग रोडगे. जाडसर कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकायची, फोडून त्यात तूप ओतायचं, सोबत वांग्याची भाजी आणि वरण. मारुतीला नैवेद्य आणि मग पंगत. हे दिवस आले की रोज कुणाच्या ना कुणाच्या मळ्यातून धूर निघताना दिसतो.

या जेवणाची एक रीत आहे, ती तुम्हाला कुणी सांगितली नसेल. सकाळी घरातलं कुणी येऊन आवतन देऊन जातं: आज आमच्याकडे जेवायला या. पण तेवढ्यावर कुणी जात नाही. माणसं अंघोळी करून, कपडे बदलून घरात बसून राहतात. पानं मांडली की त्या घरचा माणूस पुन्हा निघतो आणि दारोदार, घरातल्या कर्त्याचं नाव घेऊन हाक मारतो: चला जेवायला. ते बोलावणं. ते आलं की मगच उठायचं.

मी बुलढाण्यात वाढलेली, वडील कोर्टात, घरात इंग्रजी वर्तमानपत्र. लग्न होऊन आबांच्या गावी, वरवट बकालला गेले त्या पहिल्याच थंडीत आवतन आलं, मी विचारलं किती वाजता, तो माणूस गोंधळून म्हणाला, दुपारी. मी बरोबर बाराला, इस्त्रीची साडी नेसून, हातात रुमाल घेऊन, एकटी त्या मळ्यात पोचले. निखारे अजून पेटले नव्हते. बायका वांगी धूत होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, एकमेकींकडे पाहिलं, आणि एकीने काही न बोलता विळी माझ्यापुढे सरकवली. मी दोन घमेली वांगी चिरली. इकडे घरी बोलावणं आलं तेव्हा सासूबाईंना सांगावं लागलं की आमची सून तिकडेच आहे, बारा वाजल्यापासून.

घरी आल्यावर मी आबांवर चिडले. एकदा बोलावलं की बोलावलं. पुन्हा बोलावायचं म्हणजे माणसांचा वेळ फुकट घालवणं. आबा तेव्हा चोविशीतले, नुकतेच नोकरीला लागलेले, माझ्याशी बोलताना अजून छताकडे पाहायचे. छताकडे पाहतच म्हणाले, "आवतन म्हनजे तू आमच्या ध्यानात हायेस. बलावनं म्हनजे आता तुह्यावाचून अडलं."

मी त्यांना म्हटलं, असं काही नसतं. आणि पुढे संसारभर मी ही रीत पाळली, पण मनातून तिला उगाच दोनदा केलेलं एक काम समजत राहिले.

तर संगणक. सगळं टाकून झालं, पेनड्राइव्ह काढला, बटन दाबलं. मी सवयीने कुकर लावायला वळले आणि परत पाहते तर पडदा तयार, निळा, टापटीप. कुकरचं झाकणही बसलं नव्हतं. फार आनंद झाला. फक्त इंटरनेट नव्हतं. आवाज होता, घड्याळ होतं, छपाईयंत्रसुद्धा जागं झालं होतं, ज्याला आम्ही कधीच काही सांगत नाही. इंटरनेट नाही. म्हणजे तुम्ही नाही, म्हणजे मोठ्या पडद्याचा उपयोग फक्त माझं निळं प्रतिबिंब पाहण्यापुरता.

त्याच दिवशी सकाळी शेजारच्या शांताबाई आवतन देऊन गेल्या होत्या. त्यांचा भाजीचा मळा गावाबाहेरच आहे, दरवर्षी रोडगे करतात. मी संगणकाशी झगडत असताना दुपारी फाटकातून त्यांचा आवाज आला: "बाई, चला जेवायला. पानं मांडली." मी पदराला हात पुसले, आबांना सांगितलं डबा घेऊन येते, आणि गेले. पोटभर जेवले. आबांसाठी डबा आणला, तूप वेगळ्या वाटीत. ताट त्यांच्यापुढे ठेवलं तेव्हा ते म्हणाले, "बलावनं आलतं?"

"आलं होतं ना."

"कोनाले?"

मी म्हटलं, कोणाला म्हणजे, आपल्या घराला. त्यांनी रोडगा फोडला, तूप घातलं, अर्धा खाल्ला, अर्धा ठेवला. रोडगा अर्धा ठेवणारा माणूस नाही तो. मला वाटलं शांताबाईंचे जरा कच्चे राहिले असतील.

संध्याकाळ झाली, तुमच्याकडे सकाळ, आणि मी ईशानला फोनवर गाठलं. इंटरनेट येत नाही म्हटल्यावर तो खूश झाला, हे मला अजून कळलेलं नाही, काही बिघडलं की तुम्हा मुलांचा आवाज इतका का फुलतो. त्याने विचारलं, नेटवर्कची सेवा बसवली होतीस का?

"बसवली. तिची ओळ मी स्वतः वाचली."

"मग ती आत आहे. फक्त तिला कुणी बोलावलं नाही."

"बसवलेल्याला वेगळं बोलवायचं कशाला?"

तेव्हा त्याने मला दोन कपाटं दाखवली, म्हणजे दोन फोल्डर. एकात बसवलेल्या सगळ्या सेवा होत्या, नीट, ओळीने, तयार होऊन बसलेल्या. दुसऱ्यात फक्त त्या, ज्यांना रनइट खरोखर उठवतो. नेटवर्क पहिल्यात होतं, दुसऱ्यात नव्हतं. "हा असाच आहे, आजी," ईशान म्हणाला. "आत आहे म्हणून कुणाला उठवत नाही. पहिल्या कपाटापासून दुसऱ्यापर्यंत तू एक दोरी बांधायची, नाव घेऊन. मग तो लगेच जाऊन उठवतो."

त्याने एक ओळ सांगितली. मी ती टाइप केली, दोनदा तपासली, एंटर दाबलं. पडद्याच्या कोपऱ्यातलं लहानसं चिन्ह जागं झालं. आणि थोड्याच वेळात तुम्ही दोघं त्या मोठ्या पडद्यावर, अंथरुणातले केस, हातात कप, इतके जवळ की रेवाच्या हनुवटीवरचा तीळ दिसला.

मी आतल्या दिशेने ओरडले, अहो, मुलं दिसताहेत, वाटलं तर या. आतून उत्तर आलं, "सांग त्याईले, बरा हाये म्हना."

तुम्हाला आठवत असेल, मी पुन्हा खुर्चीवर बसले आणि तुमच्याशी काहीतरी बोलू लागले, हरभऱ्याबद्दल बहुतेक. आणि बोलता बोलता थांबले. वाटलं तर या. दिवाळीपासून मी रोज हेच म्हणत होते. वाटलं तर उठा. बरं वाटेल तेव्हा चला. डॉक्टरही तेच म्हणाले, तुमचे बाबाही. सगळ्यांनी आवतन दिलं होतं. दुपारी फाटकात शांताबाईंनी "बाई" म्हटलं होतं, आणि आत पलंगावर एक माणूस, ज्याच्या नावाने या दाराशी इतकी वर्षं हाक येत होती, तो ऐकत पडला होता.

मी उठले. डोक्यावरून पदर घेतला. रेवा, तू विचारलंस आजी काय करतेस, आणि मी तुला हाताने थांब म्हटलं. बोलावणं करायला आलेला माणूस खोलीत शिरत नाही, उंबऱ्याबाहेर उभा राहतो, म्हणून मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले. पुढची अडचण अशी होती की त्याने नाव घेऊन हाक मारायची असते. लग्नातले उखाणे सोडले तर मी तुमच्या आबांचं नाव कधी मोठ्याने घेतलं नव्हतं. शाळेच्या अर्जांवर लिहिलं होतं, इंग्रजीतून.

"नामदेवराव," मी म्हटलं, "चला. पंगत खोळंबली आहे."

आत काहीच हललं नाही. मला एकदम फार मूर्खासारखं वाटलं, त्या मळ्यात बाराला उभी होते तसं. मग आतून आवाज आला, फाटका, पण माइकवरचा.

"आलो."

वॉकरवरचा टॉवेल खाली पडल्याचं ऐकू आलं. मग पलंग करकरला. मी मदतीला आत गेले नाही, कारण रीत तशी नाही. खोली ते बैठक हे अंतर तुम्ही एका उडीत पार करता. त्यांना यायला इतका वेळ लागला की मध्ये एकदा रेवाचा टोस्ट जळाला आणि ती धावत जाऊन परत आली.

खुर्चीवर बसले. तुमच्याकडे पाहिलं, नीट, एकेकाकडे. मग आधी संगणकाचीच चौकशी केली. ईशानने त्यांना पहिला उठणारा, त्याचा क्रमांक, त्याने उठवलेले बाकीचे, सगळं पुन्हा सांगितलं. आबा मान हलवत होते. मग विचारलं, "अन् तो पह्यलाच पडला तं?"

"मग सगळंच थांबतं, आबा," ईशान म्हणाला. "यंत्रच बंद पडतं."

आबा मग माझ्याकडे न पाहता, हळूच म्हणाले, "आमच्या घरी पाह्य. पह्यला पडला, अन् घर चालूनच राह्यलं. टायमावर."

फ्रिजवरचा तक्ता मला बसल्या जागेवरून दिसत होता. लाल मथळे आणि सगळं.

"चालत नव्हतं हो," मी म्हटलं. "मी ओढत होते."

ते वळले. माझ्याकडे असं पाहिलं जणू मी उशिरा आलेली एखादी गाडी आहे, जिच्यावर रागवावं की नाही ते ठरायचं आहे. मग वॉकरची मूठ दोनदा दाबून पाहिली आणि म्हणाले, "मंग उद्यापासून दूध म्या घेतो."

दुसऱ्या दिवशी अंधारात दूधवाल्याची घंटा वाजली. मला जाग होती. इतके दिवस त्या घंटेला माझे पाय आपोआप जमिनीवर यायचे. शेजारी हालचाल झाली, वॉकर सरकला, एक पाऊल, मग पुष्कळ वेळ काही नाही, मग दुसरं. पातेलं कुठल्या फळीवर आहे ते त्यांना आता ठाऊक नव्हतं. मी जागा बदलली होती. एक डबा पडला. मग दुसरा, मोठा. फाटकाशी दूधवाला म्हणाला, काका, तुम्ही? आणि आबा त्याला म्हणाले, काऊन, मी नाई तं कोन? मग गॅस पेटला. मला आवाजावरून कळलं की आच मोठी आहे, फार मोठी, आणि ते पातेलं दुधाचं नाही, भाताचं आहे.

मी गोधडी हनुवटीपर्यंत ओढून घेतली आणि दोन्ही हातांनी तिचा काठ धरून ठेवला. स्वयंपाकघरातून दूध उतू गेल्याचा वास आला, नंतर करपल्याचा. मी उठले नाही.